‘आउट ऑन अ लिम’ म्हणजे नेमकी कसली जोखीम?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. बैठकीत तुमच्या मॅनेजर म्हणाल्या, ‘आय ॲम गोइंग टू गो आउट ऑन अ लिम हिअर अँड से द लाँच विल स्लिप.’ म्हणजे लाँच ठरलेल्या तारखेला होणार नाही. तुम्ही शब्दकोश उघडलात, तिथे ‘जोखीम पत्करणे’ असा अर्थ सापडला. वाक्प्रचार आवडला म्हणून अप्रेझलच्या फॉर्ममध्ये स्वतःबद्दल लिहिलंत, ‘आय वेंट आउट ऑन अ लिम अँड मायग्रेटेड द होल डेटाबेस ओव्हर अ वीकेंड,’ म्हणजे अख्खा डेटाबेस एका वीकेंडमध्ये दुसरीकडे हलवला. मॅनेजरनी त्या शब्दांखाली रेघ ओढली आणि शेजारी ‘नॉट क्वाइट’ (अगदी तसं नाही) एवढंच लिहिलं. काम जोखमीचं होतं, शब्दकोशातला अर्थही जोखमीचाच, मग चुकलं कुठे, हा तुमचा मुख्य प्रश्न. शिवाय मराठीत याला काय म्हणतात आणि वरिष्ठांसमोर हे बोलावं का, हेही तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं नोकरी करणाऱ्या प्रौढांना इंग्रजी शिकवते आणि अनुवादही करते. या वाक्प्रचारावर लोक नेमके याच ठिकाणी अडखळतात. शब्दकोशाने तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही, पण एका ओळीत जेवढं मावतं तेवढंच सांगितलं. इंग्रजीत जोखमीबद्दलचे वाक्प्रचार पुष्कळ आहेत आणि प्रत्येकात पणाला लागणारी गोष्ट निराळी असते. कुठे पैसा, कुठे जीव, कुठे परतीची वाट. ‘आउट ऑन अ लिम’मध्ये पणाला लागते तुमची पत, आणि ती लागते कारण त्या घडीला तुमच्या बाजूने कुणी उभं नसतं किंवा तुमच्या म्हणण्याला पुरेसा आधार नसतो. जोखीम आहे, पण एकटं पडण्याची. हा एकटेपणा वाक्यात नसेल तर वाक्प्रचार तिथे बसत नाही, काम कितीही धोक्याचं असलं तरी.

आता यातलं चित्र बघा. ‘लिम’ या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत: हात-पाय हे अवयव, आणि झाडाच्या खोडातून फुटलेली मोठी फांदी. इथे फांदी. शेवटचं ‘बी’ हे अक्षर उच्चारायचं नाही. जुन्या इंग्रजीत ते स्पेलिंगमध्येही नव्हतं, पुढे कधीतरी लिखाणात शिरलं आणि उच्चारात आलंच नाही. स्पेलिंग बघून आपण ‘लिंब’ म्हणतो, आपल्या डोळ्यांपुढे कडुलिंब उभा राहतो आणि समोरच्याला शब्दच ओळखू येत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते. वाक्प्रचार अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो लाक्षणिक अर्थाने रुळू लागला. झाडावर चढलेला कुणी खोड सोडतो आणि आडव्या फांदीवरून टोकाकडे सरकत जातो. जितका पुढे जाईल तितकी फांदी बारीक होते, वाकते, आणि मागे वळायलाही जागा उरत नाही. अशा वेळी कुणी फांदी हलवली तर धरायला दुसरं काही नसतं.

यात खोड कशाच्या जागी आहे, हे समजलं की बाकीचं आपोआप कळतं. खोड म्हणजे ज्याच्या आधारावर आपण एरवी बोलतो ते सगळं: हातातला पुरावा, टीमचं एकमत, वरिष्ठांची मंजुरी, बहुसंख्य लोकांचं मत. त्यापासून तुम्ही जितके लांब, तितके ‘आउट’. म्हणून मी विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न विचारायला सांगते. तुमच्या मागे कोण किंवा काय होतं? आणि तुमचं चुकलं असतं तर काय गेलं असतं? पहिल्याचं उत्तर ‘कुणी नाही’ किंवा ‘फारसं काही नाही’ असं आलं, आणि दुसऱ्याचं ‘लोकांचा माझ्या निर्णयबुद्धीवरचा विश्वास’ असं आलं, तर बिनधास्त वापरा.

ही कसोटी एका टोकाच्या उदाहरणाला लावून बघा. 29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्याहून मोठी जोखीम कुठली? तरीही ते दोघं ‘वेंट आउट ऑन अ लिम’ असं इंग्रजीत कुणी म्हणणार नाही. त्यांच्या मागे अख्खी मोहीम होती, आखलेली योजना होती, आणि पणाला लागले होते त्यांचे प्राण. त्याला इंग्रजीत ‘रिस्क लाइफ अँड लिम’ म्हणतात. शब्द तोच, पण अर्थ दुसरा: तिथे ‘लिम’ म्हणजे खरोखरच हात-पाय. पुष्कळ जण या दोन्हींची सरमिसळ करतात आणि मग एकट्या माणसाने मांडलेलं मत अनुवादात ‘प्राणांची बाजी’ होऊन बसतं.

आता जिथे वाक्प्रचार अगदी चपखल बसतो असं उदाहरण, आणि हे मला मनापासून आवडतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली. ती मांडताना त्यांनी काही घरं रिकामी सोडली. 1871 मध्ये त्या रिकाम्या घरांत पुढे कोणती मूलद्रव्यं सापडतील, त्यांचे गुणधर्म काय असतील, हे त्यांनी आकड्यांसकट लिहून टाकलं. ही मूलद्रव्यं तोवर कुणी पाहिलेली नव्हती. 1875 मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां यांना गॅलियम सापडलं. मेंडेलीव्ह यांनी ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घरासाठी वर्तवलेलं मूलद्रव्य ते हेच. पण ब्वाबोद्रां यांनी मोजलेली घनता आली 4.7. सारणीप्रमाणे ती 5.9 च्या आसपास यायला हवी होती. मेंडेलीव्ह यांनी तेव्हा काय करावं? त्यांनी कळवलं की मोजमापात चूक आहे, नमुना पुरेसा शुद्ध नसावा. ज्याने पदार्थ शोधला, हाताळला, मोजला, त्याला हे सांगणारा माणूस असा की ज्याने तो पदार्थ डोळ्यांनीही पाहिलेला नाही! नमुना शुद्ध करून पुन्हा मोजणी झाली आणि घनता 5.9 च्या जवळ भरली.

यात सगळं आहे. मेंडेलीव्ह यांच्या मागे प्रयोगाचा पुरावा नव्हता, होता तो आपल्या मांडणीवरचा विश्वास. आणि चुकले असते तर जीव गेला नसता, पैसा बुडाला नसता, पण त्यांच्या सारणीची आणि त्यांची पत गेली असती. ‘मेंडेलीव्ह वेंट आउट ऑन अ लिम’ हे वाक्य इथे शंभर टक्के शोभतं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हा नुसता हवेत सोडलेला अंदाज नव्हता, त्यामागे विचार होता. वाक्प्रचार बेदरकारपणाचा नाही. फांदीवर सरकणाऱ्याला खाली किती अंतर आहे ते दिसत असतं.

रोजच्या वापरात हा वाक्प्रचार मुख्यतः तीन रूपांत भेटतो.

पहिलं रूप तुमच्या मॅनेजरच्या वाक्यातलं: स्वतःचं मत मांडणं. रचना बहुधा ‘गो आउट ऑन अ लिम अँड से’ अशी असते. ‘से’च्या जागी ‘गेस’, ‘प्रेडिक्ट’, ‘सजेस्ट’ चालतात. मध्ये ‘हिअर’ घालायची बोलण्यातली सवय आहे, ती केवळ ओघाची. तुमच्या मॅनेजरना म्हणायचं होतं: अजून कुणी हे बोललेलं नाही, माझ्याकडे दाखवायला आकडे नाहीत, पण मला असं वाटतं, आणि हे माझं मत म्हणून नोंदवून घ्या. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. अंदाज खरा ठरला तर श्रेय त्यांचं, खोटा ठरला तर बोलही त्यांनाच.

याच रूपाचा वापर अलीकडे फार सैल झालाय. अगदी साध्या, कुणालाही पटेल अशा वाक्याआधीही लोक तो जोडतात. तिथे तो केवळ सौम्य प्रस्तावना असतो, मराठीत आपण ‘मला आपलं वाटतं’ म्हणतो तसा. काही वेळा तर गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्पष्ट असते आणि बोलणारा गमतीने म्हणतो, ‘आय विल गो आउट ऑन अ लिम अँड से इट्स गोइंग टू रेन,’ तेव्हा बाहेर ढग गडगडत असतात. हे ओळखायचं कसं? सूर, चेहरा आणि विधान किती उघड आहे त्यावरून. तुमच्या मॅनेजरचं विधान उघड होतं की धक्का देणारं, हे खोलीत असलेल्यांनाच ठाऊक. प्रश्नात तुम्ही लिहिलंय की ते ऐकून सगळे गप्प झाले. मग त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, असं मी धरून चालते.

दुसरं रूप म्हणजे कुणासाठी तरी पुढे होणं: ‘शी वेंट आउट ऑन अ लिम फॉर मी.’ नवख्या माणसाला मोठी जबाबदारी द्या असा आग्रह धरणारी वरिष्ठ, किंवा सगळे ज्याला दोषी मानताहेत त्याच्या बाजूने बोलणारा सहकारी. इतिहासातलं ठळक उदाहरण एमिल झोला यांचं. फ्रेंच लष्करातले कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांना 1894 मध्ये देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली दोषी ठरवलं गेलं. 13 जानेवारी 1898 रोजी झोला यांनी एका पॅरिसच्या वर्तमानपत्रात राष्ट्राध्यक्षांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं आणि लष्करी अधिकाऱ्यांवर नावं घेऊन आरोप केले. ड्रेफस यांच्या बाजूने बोलणारे इतरही थोडे लोक होते, पण लष्कर, सरकार आणि बहुतेक वृत्तपत्रं विरोधात होती. झोला यांच्यावर बदनामीचा खटला झाला, ते दोषी ठरले, आणि त्याच वर्षी त्यांना इंग्लंडला निघून जावं लागलं. ड्रेफस पूर्ण निर्दोष ठरले 1906 मध्ये. तोवर झोला हयात नव्हते. पत्र लिहिलं तेव्हा झोला देशातले नामवंत लेखक होते, त्यांचं स्वतःचं काहीही अडलेलं नव्हतं, आणि तरीही आपलं नाव त्यांनी दुसऱ्यासाठी पणाला लावलं. ‘फॉर’ हा छोटा शब्द लागला की या वाक्प्रचारात कृतज्ञता येते. कुणी तुमच्यासाठी असं केलं असेल आणि तुम्ही आभाराच्या मेलमध्ये हे लिहिलंत, तर वाचणाऱ्याला त्याची किंमत नक्की कळते.

तिसरं रूप दुःखाचं: ‘दे लेफ्ट हिम आउट ऑन अ लिम.’ आधी सगळ्यांनी मान डोलावली, एकाला पुढे केलं, आणि प्रकरण अंगाशी येताच बाकीचे मागे सरले. इथे माणूस फांदीवर स्वतःहून गेला की त्याला ढकललं, हा प्रश्न उरत नाही. तो तिथे एकटा आहे, एवढंच सांगायचं असतं. ब्रिटिश इंग्रजीत तर जोखमीचा मागमूस नसतानाही हे वापरतात, एखादं गाव किंवा एखादा विभाग बाकीच्यांपासून तुटलेला आहे, लांब पडलाय, अशा अर्थाने. अमेरिकन बोलण्यात हा अर्थ क्वचितच भेटतो. तेव्हा ब्रिटिश सहकाऱ्याने ‘अवर ऑफिस इज अ बिट आउट ऑन अ लिम’ म्हटलं तर ऑफिस बुडायला आलंय असा अर्थ काढू नका. ते जरा आडबाजूला आहे, इतकंच.

व्याकरणाचं पटकन सांगून टाकते. ‘ऑन अ लिम’ हे पक्कं आहे: ‘द लिम’ नाही, ‘इन’ नाही, अनेकवचनही नाही. दहा जण असले तरी ‘दे वेंट आउट ऑन अ लिम’च. काळ बदलतो तो क्रियापदाचा. आणि ‘इन लिंबो’ हा वेगळाच शब्द आहे, त्याचा अर्थ अधांतरी, निर्णयाविना लटकलेलं. आवाज जवळचा असल्याने घाईत गडबड होते.

आता शेजारच्या वाक्प्रचारांकडे, कारण तुमच्या फॉर्ममधल्या वाक्याला बहुधा यातला एखादा हवा होता.

सगळ्यात जवळचा ‘स्टिक युअर नेक आउट’, मान पुढे काढणं. तो बहुतेक ठिकाणी ‘लिम’ऐवजी चालतो. माझ्या कानाला दोन्हींत थोडा फरक ऐकू येतो. मान पुढे काढणाऱ्यावर घाव घालणारा कुणीतरी समोर असतो: साहेब, सत्ता, संतापलेला जमाव. फांदीवरच्या माणसाला शत्रू असेलच असं नाही, त्याला फक्त आधार नसतो. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्यासाठी मी मान निवडेन, पुराव्याविना अंदाज बांधणाऱ्यासाठी फांदी.

‘लीप इन द डार्क’ म्हणजे पुढे काय आहे ते न दिसता घेतलेली उडी. ब्रिटनमध्ये 1867 साली मतदानाचा हक्क बऱ्याच नव्या लोकांना देणारा कायदा झाला, तेव्हा पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांनीच त्याला अंधारातली उडी म्हटलं होतं. परिणाम कुणालाच ठाऊक नव्हते, पण संसद सोबत होती. म्हणून ती उडी होती, फांदी नव्हती. ‘क्रॉस द रुबिकॉन’मध्ये सगळा भर परत न फिरता येण्यावर: इसवी सनापूर्वी 49 मध्ये रोमन सेनापती ज्युलियस सीझर सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडून आला आणि यादवी अटळ झाली. सीझरच्या मागे फौज उभी होती, त्याला एकटा कोण म्हणेल? ‘गो फॉर ब्रोक’ म्हणजे असेल नसेल ते सगळं एका डावावर लावणं. हे हवाईतल्या जुगाऱ्यांच्या बोलीतून आलं. दुसऱ्या महायुद्धात 1943 मध्ये उभ्या राहिलेल्या, मुख्यतः जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांच्या 442 व्या रेजिमेंटने ते आपलं ब्रीद केलं आणि ते जगभर गेलं. ‘पुश द एन्व्हलप’ विमानांच्या चाचणी-वैमानिकांचं. विमान किती वेगाने, किती उंचीवर सुरक्षित उडतं त्या मर्यादेला ते ‘एन्व्हलप’ म्हणत, आणि ती मर्यादा थोडीथोडी पुढे रेटणं हे त्यांचं काम. तंत्रज्ञानात काही नवं, अवघड करून दाखवलं असेल तर हा शब्द नेमका.

‘प्ले विथ फायर’ (आगीशी खेळणं) आणि ‘स्केटिंग ऑन थिन आइस’ (पातळ बर्फावरून घसरत जाणं) हे दोन्ही इशारे आहेत. त्यांत कौतुक नाही. स्वतःच्या कामाबद्दल ते कधीही लिहू नका. ‘लिम’मध्ये मात्र, विशेषतः भूतकाळात वापरला आणि निकाल चांगला लागला तर, आदर डोकावतो.

मराठीत याला काय म्हणावं, हे संदर्भावर अवलंबून आहे. एकच शब्द शोधत बसलात तर फसाल. सगळ्यात मोठा सापळा म्हणजे फांदी हा शब्द दिसला की आपल्याला ‘ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची’ आठवतं. ते मूर्खपणाबद्दल आहे, स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करण्याबद्दल. इंग्रजी वाक्प्रचारात फांदी तोडणारा असलाच तर दुसरा कुणी असतो. अनुवादात हा घोटाळा झाला की धाडसी माणूस मूर्ख ठरतो, आणि मला ते खरोखर खटकतं. दुसरा सापळा ‘छातीठोकपणे सांगणे’. त्यात खात्री आहे. ‘लिम’मध्ये खात्रीचाच अभाव आहे, तोच तर मुद्दा.

स्वतःचं मत असेल तेव्हा मी ‘हे विधान जरा धाडसाचं होईल, पण’ अशी सुरुवात करते. वर्तमानपत्री मराठीत हे रुळलेलं आहे आणि त्यात पुरावा तोकडा असल्याची कबुलीही येते. दुसऱ्यासाठी पुढे होण्याला आपल्याकडे फार सुंदर शब्दयोजना आहे: ‘त्यांनी माझ्यासाठी शब्द खर्ची घातला.’ शब्द म्हणजे पत, आणि ती खर्ची पडते, म्हणजे पुन्हा तितकीच शिल्लक राहीलच असं नाही. सगळ्यांच्या भल्यासाठी कुणी नकोसं सत्य बोललं असेल तर ‘त्यांनी वाईटपणा घेतला’. आणि तिसऱ्या रूपाला, एकटं टाकण्याला, ‘वाऱ्यावर सोडलं’ याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. तिथे झाड नाही, फांदी नाही, पण आधार काढून घेतल्याची भावना पुरेपूर आहे.

वरिष्ठांसमोर वापरावा का? वापरा, पण जपून. बोलण्यात, बैठकीत, नेहमीच्या मेलमध्ये हा शोभतो. करारात, ऑडिटच्या अहवालात, संशोधनाच्या निबंधात नको. तिथे ‘उपलब्ध माहिती मर्यादित आहे, तरी माझा अंदाज असा’ हे सरळ इंग्रजीत लिहिलेलं बरं. शिवाय वारंवार वापरलात तर ऐकणाऱ्याला वाटतं की या माणसाकडे कधीच आधार नसतो. एका बैठकीत एकदा, आणि तेही खरोखर वेगळं काही म्हणायचं असेल तेव्हा. आणखी एक बाब तुमच्या ऑफिसच्या स्वभावावर आहे. जिथे चुकीच्या अंदाजाबद्दल माणसाला धारेवर धरतात, तिथे ‘मी फांदीवर जातोय’ असं आधी जाहीर करून संरक्षण मिळत नाही. जिथे वेगळ्या मताचं स्वागत होतं, तिथे हीच प्रस्तावना लोकांना नीट ऐकायला लावते. हे मी बाहेरून ठरवू शकत नाही, तुम्हीच ओळखा.

आता तुमचं मूळ वाक्य. तुम्ही शनिवार-रविवारात अख्खा डेटाबेस हलवलात. वाक्य चूक की बरोबर हे त्याआधी काय घडलं होतं त्यावर आहे, आणि तेच तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही.

काम टीमने ठरवलेलं होतं, मंजुरी होती, तुम्ही ते कमी वेळात पार पाडलंत, असं असेल तर मॅनेजरचा शेरा योग्य आहे. धोका तांत्रिक होता, तुम्ही एकटे नव्हता. मग वाक्प्रचार काढून टाका आणि सरळ लिहा की इतक्या मोठ्या डेटाबेसचं स्थलांतर तुम्ही एका वीकेंडमध्ये, काम न थांबू देता पूर्ण केलंत. अप्रेझलमध्ये अलंकारापेक्षा असं वाक्य जास्त काम करतं. मुदत तुम्ही स्वतःहून अशी घातली असेल की आजवर तिथे कुणी ती गाठली नव्हती, तर ‘पुश्ड द एन्व्हलप’ चालेल.

पण समजा, टीमचं मत टप्प्याटप्प्याने करावं असं होतं, तुम्ही एकट्याने सांगितलंत की एका दमात करणं जास्त सुरक्षित आहे, कारणं दिलीत, जबाबदारी अंगावर घेतलीत आणि मग केलंत. तसं असेल तर तुमचा वाक्प्रचार अगदी बरोबर आहे, चुकलं ते फक्त क्रियापद. फांदीवर तुम्ही डेटाबेस हलवताना नव्हता, तो सल्ला देताना होता. वाक्य असं करा: ‘आय वेंट आउट ऑन अ लिम अँड आर्ग्यूड फॉर अ सिंगल वीकेंड मायग्रेशन.’ पुढच्या वाक्यात काय निष्पन्न झालं ते लिहा, आणि तुमचा तो सल्ला ज्या मेलमध्ये आहे त्याची तारीख फॉर्ममध्ये द्या. मॅनेजर तेव्हा नव्या आल्या असतील तर आधी काय वाद झाला होता हे त्यांना ठाऊकच नसेल, आणि ‘नॉट क्वाइट’ त्यामुळेही आलं असेल.